साध्या आयुष्याची तालीम: आहे त्या घरात, आहे त्या पगारात

तुम्हा दोघांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघंही तिशीच्या आतबाहेर, दोघांना नोकरी, भाड्याचं तीन खोल्यांचं घर. एकाला शिवणकाम बऱ्यापैकी येतं, दुसऱ्याला लाकूडकामाची हौस आहे. सात-आठ वर्षांनी लहान घर, थोडी मोकळी जमीन आणि आत्तापेक्षा कमी तासांचं काम, असं आयुष्य हवं आहे. तोवर काटकसर कशी करावी, की पैसेही साठतील आणि जीवही विटणार नाही?

यात दोन कामं एकमेकांत मिसळली आहेत. पैसे साठवणं हे एक, आणि त्या आयुष्याची सवय लावून घेणं हे दुसरं. पहिलं दुसऱ्यावाचून जमतं, अनेकांना जमतंही. पण मग नव्या घरात सामान हलवल्यावर सहा महिन्यांत जुनेच खर्च मागोमाग येऊन दाराशी उभे राहतात. म्हणून काटकसरीच्या प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारायचा: हे तिकडे गेल्यावरही करणार आहोत का? करणार असाल तर आजपासून करा. 'तोवर कसंबसं सोसू' असं उत्तर आलं, तर तो उपाय सोडून द्या. सोसलेली काटकसर फार काळ टिकत नाही, आणि तुटते तेव्हा एका महिन्यात वर्षाची कसर भरून काढते.

पहिले तीन महिने फक्त लिहा

या तीन महिन्यांत मुद्दाम एकही खर्च कमी करू नका. लिहिता लिहिता हात आखडला की वही खोटी होते, आणि पुढची सगळी गणितं त्या खोट्या आकड्यांवर उभी राहतात. साधी वही पुरते. चार रकाने आखा: तारीख, रक्कम, कशावर, आणि चौथा रकाना 'तिकडे?' असा. चौथ्यात 'राहील', 'जाईल' किंवा 'बदलेल' यांपैकी एक शब्द लिहायचा. नोकरीला जाण्यायेण्याचा खर्च बहुधा 'जाईल'; पण घर आडबाजूला असेल तर वाहनाचा खर्च 'बदलेल', आणि बऱ्याचदा वाढेल. हा रकाना भरताना जी चर्चा होते ती आकड्यांहून महत्त्वाची. दोघांच्या डोक्यात एकाच नावाची दोन वेगळी घरं आहेत हे बहुतेक वेळा इथेच उघड होतं.

खर्चाचे गट आठांपेक्षा जास्त करू नका. पंचवीस गटांची सुबक वही तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. मात्र एक गट हवाच: वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च. विमा, वाहनाची मोठी दुरुस्ती, दातांचा डॉक्टर, लग्नकार्यातले आहेर, लांबचा प्रवास, चष्मा. तीन महिन्यांत यातले निम्मे येतच नाहीत, म्हणून मागच्या वर्षाचं बँकेचं विवरण काढून ते शोधायचे, बेरीज करून १२ ने भागायचं आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायची. अंदाजपत्रकं रोजच्या चहाने मोडत नाहीत, याच खर्चांनी मोडतात. ते 'अचानक' आले असं सगळे म्हणतात, पण विम्याची तारीख वर्षभर आधी ठाऊक असते.

सात-आठ वर्षं पुरतील का?

खर्च कमी झाला की त्याचा फायदा दोनदा मिळतो. दर महिन्याला जास्त शिल्लक राहते, आणि आयुष्यभर पुरायला लागणारा साठाही लहान होतो. हिशेब करून बघा. धरून चालू की शून्यापासून सुरुवात आहे, महागाई वजा जाता गुंतवणुकीवर वर्षाला ३ टक्के सुटतात, आणि वर्षाच्या खर्चाच्या २५ पट साठा हवा आहे. मिळकतीचा २० टक्के भाग वाचवला तर सुमारे ४७ वर्षं लागतात. ३५ टक्के वाचवला तर साडेएकोणतीस, ५० टक्क्यांना १९, आणि ६० टक्क्यांना १४ च्या जरा आत. म्हणजे २० वरून ३५ वर येताना १७ वर्षं वाचतात; ५० वरून ६० वर जाताना पाचच. शेवटच्या दहा टक्क्यांसाठी जीव पिळायचा की नाही, हे हा फरक बघून ठरवा.

ही २५ पट आली कुठून तेही सांगायला हवं. विल्यम बेंगन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या शेअर आणि सरकारी रोख्यांचा जुना इतिहास तपासून दाखवलं, की पहिल्या वर्षी साठ्याच्या सुमारे ४ टक्के, म्हणजे पंचविसावा भाग, काढले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत नेले, तरी पैसा ३० वर्षं पुरला असता. तुम्हाला ३० नव्हे, ५० वर्षं काढायची आहेत, आणि प्रत्येक देशाचा बाजार अमेरिकेसारखा चालत नाही. साठ्यावरच पूर्ण जगायचं असेल तर ३० ते ३३ पट धरणं शहाणपणाचं.

पण तुम्ही काम सोडणार नाही आहात, कमी करणार आहात. तिथे गणित पालटतं. तिकडचा निम्मा खर्च अर्धवेळ कामातून निघाला तर १२.५ पट साठा पुरतो, आणि मिळकतीचा अर्धा भाग वाचवत गेलात तर त्याला ११ वर्षं लागतात. दोन-तृतीयांश खर्च कामातून काढला तर साधारण साडेसात वर्षं. म्हणजे तुमची मुदत जमण्यासारखी आहे, पण अट स्वच्छ आहे: आज निम्म्या मिळकतीत राहायचं आणि तिकडे दोन-तृतीयांश खर्चापुरतं कमवत राहायचं. घर किंवा जमीन विकत घ्यायची असेल तर ती रक्कम यात धरलेली नाही. ती वेगळी, आणि विकत घेतल्यावर भाड्याचा आकडा खर्चातून काढून नव्याने मांडायचं.

या सगळ्याच्या आधी दोन गोष्टी. सहा महिन्यांचा खर्च त्याच दिवशी काढता येईल अशा ठिकाणी हवा, आणि तो साठ्यात मोजायचा नाही. दुसरं, आरोग्याचा विमा फक्त नोकरीच्या भरवशावर असेल तर स्वतःचा वेगळा घ्या आणि तरुणपणीच घ्या. कामाचे तास कमी केले की नोकरीचा विमाही बहुधा जातो, आणि एखादं दुखणं मागे लागल्यावर नवा विमा महाग किंवा अशक्य होतो.

मोरीला बोळा अन् दरवाजा मोकळा

नव्याने काटकसर सुरू केलेल्या घरात सगळ्यांत आधी दिवे मालवण्यावरून कुरबुर होते. विजेचे आकडे मांडून बघा. ६० वॅटचा जुना बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला आणि तो दिवसाला चार तास जळला, तर वर्षाला सुमारे ७५ युनिट वाचतात. चांगलंच आहे, एकदा करायचं आणि विसरायचं. बंद दिसणारं पण आतून ५ वॅट ओढणारं उपकरण वर्षाला ४४ युनिट खातं.

आता आंघोळ. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. शॉवरमधून मिनिटाला ९ लिटर पाणी येतं, आठ मिनिटं चालतं आणि पाणी २५ अंशांनी तापवायचं आहे असं धरा. ७२ लिटर गुणिले २५ गुणिले १.१६, म्हणजे २.१ युनिट एका माणसाला एका वेळी. दोघांचे वर्षाला दीड हजार युनिट! हाच शॉवर मिनिटाला ६ लिटरचा बसवला आणि पाच मिनिटांत आटोपलं, तर वर्षाचे साधारण ६४० युनिट होतात. वाचले जवळजवळ ९००, म्हणजे एलईडीच्या बारा बदलांइतके. तुमच्या शॉवरचा वेग माहीत नसेल तर दहा लिटरची बादली त्याखाली धरून घड्याळ लावा. मिनिटात भरली तर मिनिटाला दहा लिटर. बादली-तांब्याने आंघोळ करत असाल तर हे सगळं तुम्ही आधीच वाचवलेलं आहे, दिव्यावरून भांडू नका.

हाच न्याय सगळ्या खर्चांना. वहीतले सगळ्यांत मोठे तीन गट काढा. बहुतेक घरांत ते राहण्याची जागा, ये-जा आणि बाहेरचं खाणं असे निघतात. या तिघांत दहा टक्के हलले तर बाकीच्यांकडे बघावंही लागत नाही. ये-जा करण्याचा हिशेब फक्त तिकिटाचा किंवा इंधनाचा करू नका. नोकरी आठ तासांची, प्रवास दीड तास, तयारीचा अर्धा तास, असे दहा तास जातात. प्रवास, कामाचे कपडे आणि दमल्यामुळे विकत आणलेलं जेवण यात पगाराचा १५ टक्के भाग गेला, तर तासाची खरी कमाई पगारपत्रकात दिसते त्याच्या दोन-तृतीयांशच उरते. पुढे हाताने काय करायचं आणि काय विकत आणायचं हे ठरवताना हाच खरा दर वापरा.

जागेसाठी एक प्रयोग. तीन खोल्यांपैकी एक खोली सहा आठवडे बंद ठेवा. आतली एखादी वस्तू लागलीच तर आणा, पण आणलेल्या वस्तूवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर तारीख लिहा. सहा आठवड्यांनी पट्टी नसलेल्या वस्तू समोर येतात. हंगामी गोष्टी, कागदपत्रं आणि औषधं सोडून बाकीचं निर्दयपणे बघा. लहान घर किती लहान, याचा आकडा या खोलीतून मिळतो, नकाशे बघून मिळत नाही. कधी कधी उलटंही कळतं, की ती खोली खरंच लागते, कारण एकाला एकटं बसायला जागा हवी असते. हे कळणंही तितकंच कामाचं.

शिवणाऱ्या हाताने आधी दुरुस्ती करावी

हौसेला मोल नाही म्हणतात, पण तुमच्या वहीत ते दिसेल. कापड, दोरे, हत्यारं, 'या सुट्टीत करू' म्हणून आणलेलं लाकूड. हाताचं कौशल्य पैसे वाचवतं ते नवं करताना नाही, आहे ते टिकवताना. नवा शर्ट शिवायला सुरुवातीला आठ-दहा तास जातात आणि कापडाचा खर्च तयार शर्टाच्या जवळ जातो. तीच व्यक्ती पाऊण तासात मांडीला विरलेली पँट आणखी दोन वर्षं चालवू शकते.

विरलेल्या पँटचंच घेऊ. भोक पडायच्या आधी कापड उजेडासमोर धरा. जिथे जाळीसारखं दिसतं तो सगळा भाग कमजोर आहे, फक्त भोकापुरता नाही. ठिगळ त्या जाळीदार भागाच्याही २ ते २.५ सेंमी बाहेर गेलं पाहिजे. भोकाच्या मापाचं ठिगळ लावलं की ते टिकतं आणि त्याच्या काठाशी नवं फाटतं, कारण टाके कमजोर कापडातच पडलेले असतात. ठिगळाचं कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरं लावलं तर पहिल्या धुण्यात आटतं आणि भोवती सुरकुत्या पडतात. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचलला जातो. मांडीच्या भागात ठिगळ आतून लावा, उभ्या धाग्याची दिशा पँटच्या उभ्या धाग्याशी जुळवा, आणि वरून जवळजवळच्या ओळींत पुढे-मागे टीप मारा. कडेला टिपेची एकच रेघ मारू नका. ठिगळाच्या कडेपलीकडे काही ओळी लांब, काही आखूड सोडल्या की ताण एका रेषेवर येत नाही.

मोजे आणि विणलेले कपडे रफू करताना सुरुवात भोकाच्या १ सेंमी बाहेरून, चांगल्या कापडातून. आधी उभे धागे घालून घ्या, मग आडवा धागा एकाखालून एकावरून विणत न्या. धागा मूळ विणीच्याच जाडीचा हवा. प्रत्येक ओळीच्या टोकाला परतताना धागा ओढून घेऊ नका, बारीकसा फास सैल सोडा. धुतल्यावर धागा आटतो तेव्हा ती सैल जागा कामी येते, नाहीतर गोळा होऊन टाचेला टोचतो.

मशीनची एक तक्रार इतक्यांदा ऐकू येते की इथेच सांगतो: 'कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं, बॉबिन बिघडलंय.' बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ, सहसा ठीक असतं. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले तर दोष वरच्या दोऱ्यात असतो. मशीनचा दाबणारा पाय खाली असताना दोरा ओवला, तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही आणि वरचा ताण शून्य होतो. पाय वर उचला, दोरा पूर्ण काढा, नव्याने ओवा, मग पाय खाली करून दोरा ओढून बघा. आता तो अडकत अडकत यायला हवा. याने सुटलं नाही तर सुई बदला. सुई साधारण आठ तास शिवल्यावर बोथट होते, टाके गळायला लागतात, आणि लोक मशीन दुरुस्तीला देतात. मध्यम सुती कापडाला ९० नंबर, जाड जीनला १००, झिरझिरीत कापडाला ७०, आणि ताणल्या जाणाऱ्या विणलेल्या कापडाला गोल टोकाची सुई. जीनच्या शिवणीवर जिथे सहा-आठ पदर एकत्र येतात तिथे मोटर न चालवता चाक हाताने फिरवा.

फळी का वाकते

लाकूडकामाची सुरुवात पुस्तकांच्या मांडणीने करा. तिकडच्या घरातही ती लागेलच. साधी पुस्तकं मीटरभर फळीवर साधारण ३० किलो भरतात. १८ मिमी जाडीचा, २५ सेंमी खोल प्लाय ९० सेंमीच्या अंतरावर दोन टोकांना टेकवला, तर मधोमध सुमारे ३ मिमी वाकतो, आणि भार कायम राहिल्यावर काही महिन्यांत आणखी. डोळ्याला हे लगेच जाणवतं. तीच फळी ६० सेंमीवर टेकवली तर वाक अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा पुढे. अंतर दीडपट झालं की सारखा पसरलेला भार असलेल्या फळीचा वाक पाचपट होतो, कारण तो अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडीचा फरक तिसऱ्या घाताने पडतो: १८ ऐवजी २५ मिमी घेतली तर वाक एक-तृतीयांशाच्या जवळपास येतो. भुशाची दाबलेली फळी प्लायच्या दुप्पट-तिप्पट वाकते, म्हणून जुनं कपाट मोडून मिळालेल्या फळ्यांवर पुस्तकं ठेवायची तर मधे आधार द्या. फळी बदलायची नसेल तर पुढच्या काठाखाली ४० मिमी रुंदीची लाकडी पट्टी उभी चिकटवून स्क्रूने पक्की करा. एवढ्याने वाक बराच कमी होतो आणि काठही झाकला जातो.

१८ मिमीच्या दोन फळ्या काटकोनात जोडायला ४ मिमी जाड, ५० मिमी लांब स्क्रू. वरच्या फळीत ४ मिमीचं आरपार भोक पाडा, म्हणजे स्क्रू तिच्यातून मोकळा सरकेल. खालच्या फळीच्या काठात २.५ मिमीचं भोक, कठीण लाकूड असेल तर ३ मिमी. नवशिके वरचं मोकळं भोक पाडत नाहीत. मग स्क्रूचे आटे दोन्ही फळ्यांना एकाच वेळी धरतात, आणि कितीही आवळलं तरी दोन फळ्यांमध्ये कागदाएवढी फट राहतेच. खालचं भोक पाडलं नाही तर प्लायच्या काठाचे थर फुगून उकलतात. काठापासून पहिला स्क्रू निदान ४ सेंमी आत. आणि मांडणी भिंतीला वरच्या बाजूने पट्टीने बांधा, लहान मूल घरात नसलं तरी.

मालवाहू पेट्यांचं आणि फळकुटांचं लाकूड फुकट मिळतं, पण त्यावरचा शिक्का वाचा. 'एचटी' (HT) म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला निदान ३० मिनिटं तापवलेलं आहे. 'एमबी' (MB) असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झाली आहे, ते घरात आणू नका आणि जाळूही नका. शिक्का नसलेलं, तेलकट डागाचं किंवा उग्र वासाचं लाकूडही नको. आणलेलं लाकूड कापण्याआधी खिळे शोधायला कंटाळू नका, एक मोडका खिळा करवतीचं पातं संपवतो.

जुनं सामान घेताना लाकडाच्या बारीक भोकांकडे बघा. भोकाच्या आतला भाग फिकट आणि ताजा दिसला, किंवा खाली पिठासारखा भुसा पडला, तर कीड जिवंत आहे. शंका असेल तर खाली काळा कागद ठेवून दोन आठवडे बाहेर ठेवा. जुन्या पलंगाच्या सांध्यांत आणि स्क्रूच्या भोकांत टॉर्च मारून ढेकणांचे काळे ठिपके शोधा. जुनी गादी मात्र घेऊच नका. तसंच वापरलेलं हेल्मेट, मुलांची वाहनातली खुर्ची, विजेची जुनी वायर आणि गॅसची नळी. इथे हात आखडता घेणं महागात पडतं.

हत्यारांसाठी एक नियम पुरतो: पहिल्या दोन वेळा मागून आणा, तिसऱ्यांदा लागलं तर विकत घ्या. साहित्याची जागा ठरवून टाका, दोघांना प्रत्येकी एक झाकणाची पेटी. पेटी भरली की काहीतरी वापरल्याशिवाय नवं आणायचं नाही. 'कधीतरी उपयोगी पडेल' हे वाक्य लहान घराचा सगळ्यांत मोठा शत्रू आहे, आणि कलावंत मंडळी ते सर्वांत जास्त बोलतात.

विकायचं का?

केलेल्या वस्तू विकून दोन-तृतीयांश खर्च निघेल, असं मनात असेल तर आताच तपासा. एक बॅग शिवायला तीन तास लागतात. फोटो, विचारणा करणाऱ्यांना उत्तरं, बांधणी, पोहोचवणं यांचा एक तास. दहांतली एक बिघडते किंवा परत येते, म्हणजे प्रत्येकीमागे जवळजवळ साडेचार तास. मिळालेल्या किमतीतून साहित्य वजा करून या तासांनी भागा आणि वर काढलेल्या नोकरीच्या खऱ्या दराशी ताडून बघा. निम्माही दर सुटत नसेल तर तो व्यवसाय नाही, हौस आहे, आणि हौस म्हणून छानच आहे. दुरुस्तीची कामं, कपडे मापात करून देणं, शिकवणं यांचा दर बहुतेक वेळा नव्या वस्तूंपेक्षा बरा बसतो, कारण त्यात साहित्य अडकत नाही आणि यंत्रावर झटपट बनलेल्या मालाशी तुलना होत नाही. निदान वीस वस्तू अनोळखी लोकांना विकल्याशिवाय कुठलाही आकडा खरा मानू नका. नातेवाईक कौतुकाने घेतात.

दोघांपैकी एक पोलीस झाला की

वही एकाच्याच हातात राहिली तर तो हळूहळू पोलीस होतो आणि दुसरा लपवायला लागतो. दर तीन महिन्यांनी वही हस्तांतरित करा. दोघांना महिन्याला सारखीच रक्कम वेगळी द्या, कमाई कमीजास्त असली तरी. तिचा हिशेब विचारायचा नाही. तिथे काटकसर नको. महिन्याच्या एकत्र मिळकतीच्या २ टक्क्यांवरची कुठलीही खरेदी आधी एकमेकांना सांगायची, आणि दोन रात्री जाऊ द्यायच्या. महिन्यातून एकदा चाळीस मिनिटं बसायचं, रात्री उशिरा नाही आणि उपाशीपोटी तर मुळीच नाही. त्या बैठकीत मागच्या महिन्याच्या चुकांवर दहाच मिनिटं, बाकी वेळ पुढच्या महिन्यावर.

खरी तालीम

निम्म्या मिळकतीवर एकदम कायमची उडी मारू नका. एकाचा पगार आला त्याच दिवशी वेगळ्या खात्यात वळवा आणि तीन महिने दुसऱ्यावर चालवून बघा. कुठे अडलं ते वहीत लिहा. पहिल्या महिन्यात आधीचं साठलेलं सामान संपवत असता, म्हणून तो फसवा असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याचे आकडे खरे.

जागेची तालीम तशीच. जिथे राहायचं मनात आहे तिथे सुट्टीला चांगल्या दिवसांत जाऊन आलात, तर फक्त सुट्टी झाली. सगळ्यांत वाईट हंगामात महिनाभर भाड्याने राहा, जमल्यास तिथूनच थोडं काम करा. पाणी किती वेळ येतं, वीज गेली तर केव्हा येते, फाइल पाठवायला किती वेळ लागतो, रात्री दोन वाजता डॉक्टरपर्यंत पोहोचायला किती मिनिटं, कचरा कुठे जातो, या पाच गोष्टी घड्याळ लावून मोजा. जमिनीचा तुकडा घ्यायच्या आधी कुंड्यांमध्ये किंवा कुणाच्या परसात ४ चौरस मीटर पूर्ण वर्षभर सांभाळा. पालेभाजीला २० सेंमी खोल माती चालते, फळभाजीला ३० सेंमीच्या वर. पहिलं पीक दर वेळी पाणी कमी पडूनच जातं असं नाही. कुंडीचं तळाचं भोक बुजल्याने मुळं कुजूनही जातं. चार चौरस मीटरला आठवड्याचे किती तास गेले ते लिहून ठेवा आणि मग किती जमीन हवी ते बोला.

आणि मोकळ्या वेळाचीही तालीम हवी. शक्य असेल तर चार आठवडे कामाचा एक दिवस कमी करा. त्या दिवशी खर्च वाढला का, बघा. सुरुवातीला बहुधा वाढतो: फिरणं, खरेदी, बाहेर खाणं. हाताला काम ठरलेलं असेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो खाली येतो. नाहीच आला तर तिकडच्या खर्चाचा अंदाज त्या प्रमाणात वर घ्या.

हे सगळं झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांची वही पुन्हा उघडा आणि 'तिकडे?' हा रकाना वेगळ्या रंगाच्या शाईने नव्याने भरा. जिथे जुना शब्द आणि नवा शब्द वेगळे आले तेवढ्या ओळींची बेरीज करा. तिकडचा खर्च त्या बेरजेने किती हलला ते बघा, आणि नव्या आकड्यावर वर्षं पुन्हा मोजा.